मे महिन्यात चढणारी नदी

"ही नदी रोज सकाळी साडेसातला का चढते?" दाणी साहेबांनी विचारलं.

नागपूरच्या ऑफिसात त्यांच्या टेबलावर सहा आठवड्यांचे सहा चार्ट पसरले होते. मी समोर उभा होतो. माझ्या मागे दाराला टेकून रघोबाभाऊ उभा होता. तो आमचा मेकॅनिक, मूळचा वरोऱ्याचा. हे चार्ट बांबूच्या नळीत घालून तोच आदल्या संध्याकाळी चांद्याहून घेऊन आला होता. तेव्हा चंद्रपूरला चांदा म्हणत आणि गडचिरोलीही त्याच जिल्ह्यात होतं.

चार्ट म्हणजे एका फिरत्या डब्यावर गुंडाळलेला आखीव कागद. डबा आठवड्यात एक फेरी पुरी करतो. त्याला टेकलेलं पेन नदीच्या पाण्याची उंची काढत राहतं. मे महिन्यात नदी मेल्यासारखी पडून असते, म्हणून कागदावर सरळ आडवी रेघ यायला हवी. तशी ती आली होती. फक्त रोज सकाळी साडेसातच्या सुमारास त्या रेघेला एक बारीक काटा फुटलेला होता. पाणी तीन बोटं वर, आणि पाव तासात परत खाली. पहिले साडेचार आठवडे असेच काटे होते. शेवटच्या दहा दिवसांत काटे संपले आणि पायऱ्या सुरू झाल्या. रोज सकाळी तीन बोटं वर, आणि तिथेच मुक्काम.

"मे महिना आहे," साहेब म्हणाले. "सगळ्या नद्या आटताहेत. तुमची एकटीच जिना चढते आहे."

"सर, वरच्या अंगाला कुणी बंधारा घातला असेल..."

"त्या जंगलात? कोण घालणार? वाघ?"

साहेबांनी शेवटचा चार्ट पुढे ओढला.

"यंत्र स्वतःबद्दल काय सांगतं?"

"ते म्हणतं, मी ठीक आहे."

"रोज?"

"रोज दोन वेळा, सर."

मागून रघोबाभाऊ म्हणाला, "साहेब, जरा जास्तच ठीक आहे ते."

साहेबांनी चष्मा काढला. त्यांनी चष्मा काढला की शिक्षा ठरली असं आम्ही समजत असू. "पंधरा दिवस देतो. पावसाआधी याचा उलगडा झाला नाही, तर यंत्र उचलून परत आणा. खोटं बोलणारं यंत्र असण्यापेक्षा नसलेलं बरं. लोक निदान नदीकडे बघतील तरी."

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. त्याचाच मला राग आला.

पुढे माझी सगळी नोकरी उपग्रहांच्या कामात गेली. उपग्रह बिघडला तर त्याने तो बिघाड स्वतः ओळखावा आणि स्वतःच त्यातून उठावं, अशी योजना करणं हे माझं काम. वर मेकॅनिक पाठवता येत नाही, एवढंच त्या कामाचं कारण. लोक विचारतात, हे तुम्ही कुठे शिकलात? मी आजवर एका परदेशी विद्यापीठाचं नाव सांगत आलो. खरं उत्तर आलापल्लीच्या पुढे, एका नदीच्या काठावर आहे. गेल्या महिन्यात रघोबाभाऊ गेल्याचं पत्र आलं. आता ते खरं उत्तर माहीत असलेला मी एकटाच उरलो, म्हणून लिहायला घेतलं. दिवसाला एक पान होतं. कधी तेवढंही होत नाही.

तर ते यंत्र. आलापल्लीच्या सागवानाच्या जंगलातून पुढे गेलं की कोरेमपल्ली नावाचं वीस-बावीस घरांचं गाव होतं. गावाखाली नदीचा खोल डोह. तिथून पंधरा-सोळा मैल खाली, नदीच्या वळणावर, लाकडाचा डेपो आणि त्याला लागून तीस-पस्तीस घरांची वस्ती. तिला सगळे खालचा टोला म्हणत. आदल्या पावसाळ्यात वरती कुठेतरी ढग फुटला आणि टोल्यात पाणी आलं तेव्हा लोकांना पत्ता नव्हता. दोन माणसं आणि बांधलेली सगळी गुरं गेली. कोरेमपल्लीला पाणी चढल्यावर टोल्यापर्यंत पोचायला त्याला चार-पाच तास लागतात. ते चार-पाच तास लोकांच्या हाती द्यायचे, एवढंच आमचं काम.

कोरेमपल्लीला माणूस ठेवता येत नव्हता. जूनमध्ये रस्ता बंद झाला की ऑक्टोबरपर्यंत तिकडे कुणी फिरकत नसे. टेलिफोन नव्हता. म्हणून चार महिने एकट्याने राहील असं यंत्र हवं होतं, आणि ते मी बनवलं होतं. काठावर एक रुंद लोखंडी पाइप उभा पुरला. त्याच्या तळाशी एक बारीक आडवी नळी नदीत सोडली. नदीत जेवढी पाण्याची उंची, तेवढीच पाइपात येते, पण लाटा येत नाहीत. पाइपातल्या पाण्यावर एक पोकळ डबा तरंगतो. त्याला आम्ही फ्लोट म्हणतो. फ्लोटला तार, तार कप्पीवरून, कप्पीला पेन. वर पत्र्याची खोली, तीत घड्याळ, बॅटऱ्या आणि वायरलेसचा एक पेटारा. पेटारा दिवसातून दोनदा टकटक करून पाण्याची उंची खाली डेपोवर कळवी. पाणी ठरलेल्या खुणेवर गेलं तर दर अर्ध्या तासाने ओरडे.

इथवर कुणीही केलं असतं. माझी हुशारी पुढची होती. फ्लोट कधीकधी पाइपाला चिकटून बसतो. मग नदी कुठेही जावो, यंत्र जुनीच उंची सांगत राहतं. म्हणून मी एक तपासणी बसवली. रोज सकाळी सात वाजता घड्याळ बघे, गेल्या बारा तासांत कप्पी हलली का? हलली असेल तर "मी ठीक आहे." नसेल तर एक हातोडा पाइपावर वीस ठोके देई. फ्लोट सुटावा म्हणून. पाच मिनिटं थांबून पुन्हा वीस. कप्पी हलली की हातोडा गप्प. नागपूरजवळ एका नाल्यावर ऐन पावसाळ्यात मी हे सगळं तपासलं होतं. उत्तम चाललं होतं.

नदी स्वतःच बारा तास हलत नसेल तर काय, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

रघोबाभाऊच्या आलं होतं. त्याने बसवतानाच विचारलं होतं, "छोटे साहेब, उन्हाळ्यात डोह झोपते. तवा हे काय करन?"

"ठोकेल जरा," मी म्हणालो होतो. "बिघडत नाही काही."

"तुमचं मशीन बिमार नाई होत," तो म्हणाला होता, "पन घाबरते लय. कोनी बोललं नाई का दार ठोकते."

आम्ही रेल्वेने चांद्याला, तिथून जंगलाच्या ट्रकने आलापल्लीला आणि पुढे सायकलींवर कोरेमपल्लीला गेलो. दोन दिवस लागले. वाटेत रघोबाभाऊने मला नदी चढण्याची बारा कारणं सांगितली. त्यातलं एक असं होतं की साहेबांच्या ऑफिसातली शाई उन्हाने फुगते.

पोचल्यावर पहिल्यांदा मी खोली तपासली. घड्याळ बरोबर. बॅटऱ्या बरोबर. फ्लोट मोकळा. दर सोमवारी दुपारी आलापल्लीहून येऊन कागद बदलायचं काम रघोबाभाऊकडे होतं, आणि ते त्याने चोख केलं होतं. एकच गोष्ट दिसली. पाइपाचं तोंड थोडं खोलीबाहेर उघडत होतं, त्यावरच्या झाकणाला कुलूप नव्हतं.

"कुलूप कुठे आहे?"

"हाय ना. माह्या पेटीत."

"पेटीत काय करतंय?"

"लावलं असतं तं चावी हरवली असती. तुम्हीच हरवली असती, छोटे साहेब. मंग पाइप फोडा लागला असता. म्हनून तुमच्यासाठीच ठेवलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहालाच आम्ही खोलीमागे बसलो. काय चढतं ते डोळ्यांनी बघायचं ठरवलं होतं. डोह अगदी स्तब्ध होता. गावच्या म्हशी आत्ताच त्यात उतरून बसल्या होत्या. सात वाजले. हातोडा सुरू झाला. ठण, ठण, ठण. वीस ठोके. पाच मिनिटं शांत. पुन्हा वीस. मला बरं वाटलं. माझ्या हिशेबाप्रमाणे सगळं चाललं होतं.

साडेसातला वरच्या घरातून एक म्हातारी बाई उतरली. डोक्यावर पाण्याचा गुंड, म्हणजे पितळी घागर. घाईत नव्हती. आली, गुंड खाली ठेवला, पाइपाचं झाकण उघडलं, आणि अख्खा गुंड आत ओतला. आतून कप्पी फिरल्याचा आवाज आला. हातोडा थांबला. बाईने झाकण लावलं, पाइपावर दोन वेळा थोपटलं आणि वळली.

रघोबाभाऊ जमिनीवर बसला. हसताना त्याला आवाज निघत नव्हता. मी मात्र उठून धावलो.

"बाई! हे काय करता?"

तिने मला खालून वर पाहिलं. "तुम्हीच का याचे घरचे?"

"हो. म्हणजे, मी बनवलं आहे ते."

"मंग बरंच आहे तुमचं. घरचा मानूस इतक्या दूर आनून ठेवता, अन् तुम्ही सोता दोन महिने पाह्याले येत नाई. सकाळी उठून ठोकते बिचारा. ठोकनाऱ्याले पानी देत नाई का तुमच्या गावात?"

तिचं नाव मैनाबाई. यंत्राला सगळ्यांत जवळचं घर तिचं. त्या गावाची रीत अशी की दाराशी कुणी आलं, कुणीही असो, आधी पाणी. तू कोण, कुठला, कशाला आलास, हे सगळं नंतर. पहिल्या दिवशी हातोडा वाजला तेव्हा गावकऱ्यांत चर्चा झाली होती. कुणी म्हणालं सरकारी वस्तू आहे, हात लावू नका. मैनाबाई म्हणाली, सरकारी झाली म्हणून तिला तहान लागत नाही काय? तिने पाणी घातलं. ठोकणं थांबलं. मग वाद उरलाच नाही.

मी तिला समजावू लागलो. हे यंत्र आहे, त्याला तहान नसते, तुमच्या पाण्याने त्याचा गोंधळ होतो, नागपूरला साहेब रागावलेत. ती शांतपणे ऐकत होती. मी दम घ्यायला थांबलो तेव्हा ती म्हणाली, "तुमचं झालं? आता माहं आयका. हा बिमार आहे."

"कोण?"

"हाच. पयले मी पानी देल्लं का गटगट पेत होता. आवाज येत होता खालून. आता दहा-पंधरा दिस झाले, पेत नाई. तोंडातच धरून ठेवते. मी रोज म्हन्तो, पे बापा, पे. पेतच नाई."

काटे आणि पायऱ्या.

मी पाइपात वाकून पाहिलं. आतलं पाणी माझ्या कोपरभर अंतरावर होतं. मग काठावरून डोहाकडे पाहिलं. डोहाचं पाणी त्याच्या निदान दीड हात खाली. पाइपातलं पाणी आणि नदीचं पाणी यांचा एकमेकांशी काही संबंध राहिला नव्हता. तळाची आडवी नळी गाळाने बुजली होती. डोह आटत आला तशा म्हशी बरोबर नळीच्या तोंडाशी येऊन बसत होत्या आणि चिखल घुसळत होत्या.

म्हणजे निदान दहा दिवस माझं यंत्र एका बंद पाइपातल्या घरगुती पाण्याची उंची मोजत होतं, आणि मी ठीक आहे म्हणून कळवत होतं. पावसाळ्यात हेच झालं असतं तर नदी टोल्यावर गेली असती आणि यंत्राने बाईच्या गुंडाचा आकडा सांगितला असता. नळी बुजणं हा बिघाड माझ्या यादीत नव्हता. मी फ्लोट चिकटण्याच्याच प्रेमात पडून बसलो होतो.

रघोबाभाऊ येऊन शेजारी वाकला. बघितलं. या वेळी हसला नाही. "साहेब म्हनले ते खरं होतं," तो म्हणाला. "खोटं बोलून राह्यलं हे."

मैनाबाईला त्याने थोडक्यात सांगितलं की हे यंत्र खालच्या टोल्यासाठी आहे, नदी चढली की तिकडे खबर देण्यासाठी.

"टोल्यासाठी?" ती म्हणाली. "माही पोरगी टोल्यातच देली आहे. मागच्या साली तिचा सासरा गेला पुरात." तिने पाइपाचं झाकण नीट बसवलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मंग याले नीट कर ना, बाबू. बोलत काय बसला?"

त्या दिवशी रघोबाभाऊने डोहात उतरून म्हशी हाकलल्या आणि बांबूने नळी मोकळी केली. मग आम्ही मैनाबाईचाच गुंड घेऊन प्रयोग केला. एक गुंड ओतला. फ्लोट तीन बोटं वर गेला, आणि पाव तासात खाली आला. नळीच्या तोंडाला चिखल थापला, पुन्हा ओतला. फ्लोट वर गेला, आणि वरच राहिला. फ्लोट हाताने धरून ठेवला, ओतला. हललाच नाही. दुपारपर्यंत मी वहीत ही तीनच वाक्यं लिहिली, आणि सायंकाळी उरलेलं सगळं डिझाइन त्यातून निघालं.

फ्लोट हलला नाही, याचा अर्थ नदी शांत आहे की यंत्र आजारी आहे, हे नुसतं बघून कधीच कळणार नव्हतं. मी हातोड्याने दरडावून विचारत होतो. बाई पाणी देऊन बघत होती. वर जाऊन खाली आला तर सगळं ठीक, नदीच झोपली आहे. वर गेलाच नाही तर फ्लोट चिकटला, मग हातोडा. वर जाऊन तिथेच राहिला तर नळी बुजली.

नळी बुजली तर काय करायचं, ते रघोबाभाऊने सोडवलं. डांबराचा एक रिकामा पिंप खोलीच्या छपरावर चढवायचा. पावसाचं पाणी त्यात आपोआप भरेल. त्यातून एक नळ खाली, थेट बुजणाऱ्या नळीच्या तोंडात. रोजच्या तपासणीला पिंपातून एक भांडंभर पाणी पाइपात पडेल. नळी बुजलेली निघाली तर अख्खा पिंप एकदम सुटेल. "मोरी साफ करतो तशी," तो म्हणाला. "तुमच्या कॉलेजात मोरी नवती काय?"

आलापल्लीच्या वर्कशॉपमध्ये आम्ही आठ दिवस राबलो. भांडं आपोआप कलंडावं म्हणून घड्याळाला एक दातेरी चकती लावली. फ्लोट वर गेला का, खाली आला का, हे लक्षात ठेवायला दोन रिले. रिले म्हणजे विजेचा एक छोटा चुंबक. एकदा चिकटला की सोडेपर्यंत धरून ठेवतो, म्हणजे तेवढीच त्याची आठवण. दोनच रिले. माझ्या शेवटच्या उपग्रहात असल्या आठवणी किती होत्या हे मला मोजता येणार नाही, पण विचार तोच होता.

पिंपाचं पाणी वाया जाऊ नये म्हणून मी भांडं लहान ठेवलं, तांब्याएवढं. बसवायला गेलो तेव्हा मैनाबाई बघायला आली.

"हे काय? इतकुसं?"

"पुरतं तेवढं, बाई."

"पावन्याले वाटीत पानी देते काय कोनी?"

"हे गणिताने काढलं आहे."

"मंग गनितच कंजूष आहे तुमचं."

रघोबाभाऊने काही न बोलता भांडं कलंडवलं. फ्लोट केसभर उठला, तारेतली ढील तेवढी ताणली गेली आणि कप्पी जागची हलली नाही. मी गणितात तारेची ढील धरली नव्हती. दुसऱ्या दिवशी आम्ही गुंडाच्या मापाचं भांडं बसवलं.

मुदत संपायच्या आदल्या दिवशी दाणी साहेब स्वतः आलापल्लीला आले. रेस्ट हाउसच्या व्हरांड्यात त्यांनी नवे कागद बघितले.

"तुम्ही उपकरणाला पाणी पाजता?"

"हो सर. रोज सकाळी. पावसाळ्यात संध्याकाळीसुद्धा."

"आणि ते पितं का नाही, ते बघता."

"हो सर."

ते बराच वेळ कागदावर बोट फिरवत बसले. "हे चांगलं आहे," शेवटी म्हणाले. "डिझाइन कुणाचं?"

मी उत्तर द्यायला उशीर लावला. तो उशीर रघोबाभाऊने मला जन्मभर ऐकवला. तेव्हा मात्र त्याने लगेच सांगून टाकलं, "साहेब, कोरेमपल्लीच्या मैनाबाईचं."

"त्यांचं क्वालिफिकेशन?"

"पावने सांभाळते."

साहेबांनी चष्मा काढला. "ठीक आहे. यंत्र राहील. पण चार महिने तुम्ही दोघंही डेपोवर राहाल, ऐकायला. खोटं बोललं तर टोल्यातले लोक तुम्हाला तिथेच विचारतील."

तो पावसाळा आम्ही डेपोच्या एका फळ्यांच्या खोलीत काढला. रघोबाभाऊ रोज नवी तक्रार शोधून काढी आणि मी पुस्तकं वाची. टोल्यातली माणसं येऊन रिसिव्हरची टकटक ऐकत आणि विचारत, काय म्हणतो? मैनाबाईची मुलगी, सोमी तिचं नाव, मागून यायची आणि एकदाच विचारायची, "आज पानी पेला का?" यंत्राच्या निरोपात आता उंचीबरोबर आणखी दोन आकडे येत. किती भांडी पडली आणि पिंप किती वेळा सुटला. जून, जुलै गेले. पिंप एकदाही सुटला नाही. मला वाटू लागलं होतं की तो उगाच बसवला.

ऑगस्टमध्ये सलग चौथा दिवस पाऊस लागला होता. सकाळी सातचा निरोप आला. उंची कालच्या संध्याकाळइतकीच. बोटभरही फरक नाही.

रघोबाभाऊ बाहेर जाऊन पाऊस बघून आला. "इतक्या पान्यात डोह झोपते काय?"

मी कान रिसिव्हरला लावला. पुढचा आकडा येत होता. भांडं, एक. मग थोडी शांतता. पाव तास. यंत्र वाट बघत होतं, आणि आम्ही यंत्राची. सोमी दारात उभी होती. नेहमीचा प्रश्न तिने विचारला नाही.

मग आकडा आला. पिंप, एक.

कोरेमपल्लीला जायला रस्ता नव्हता, नाव नव्हती, काही नव्हतं. सोळा मैलांवर त्या पत्र्याच्या खोलीवरून एक पिंप पाणी खाली धावलं असेल आणि बुजलेल्या नळीत शिरलं असेल, एवढं आम्ही मनाने बघू शकत होतो. पिंपाने नळी मोकळी झाली नाही तर यंत्र काय करेल, तेही मी लिहून ठेवलेलं होतं. ते तीनदा "मी आजारी आहे" म्हणेल आणि गप्प होईल.

साडेसातला पुन्हा टकटक सुरू झाली. उंची आधीपेक्षा दोन हात जास्त होती. मी आकडा दोनदा लिहिला, कारण पहिल्यांदा माझा विश्वास बसला नाही. पुढच्या निरोपात आणखी एक हात, आणि त्यापाठोपाठ ती ओरडण्याची खूण. रात्रभर नदी चढत होती, आणि यंत्राला ते आत्ता कळलं होतं.

"उठा," रघोबाभाऊ म्हणाला. तोवर सोमी टोल्याकडे धावत सुटली होती.

अकरापर्यंत टोला रिकामा झाला. माणसं डेपोमागच्या टेकाडावर गेली, गुरं सोडून वर हाकलली. एक म्हातारा कोंबड्या मोजल्याशिवाय हलायला तयार नव्हता. रघोबाभाऊने त्याला कोंबड्यांसकट उचललं. पावणेबाराला पाणी आलं. नऊ घरं गेली, डेपोचं बरंच लाकूड गेलं. माणूस एकही गेला नाही. बैल एक गेला, तो कुणाचा यावर लोक पुढे दोन वर्षं भांडत होते.

त्यानंतरच्या नोकरीत माझ्या हाताखाली पुष्कळ हुशार मुलं आली. उपग्रहाचा एखादा मापक शांत दिसला की ती त्याला विचारणारं सर्किट लावत, ठीक आहेस का? मापक म्हणे, ठीक आहे. मी त्यांना सांगे, उपग्रहाला मुद्दाम जरासा वळवा आणि मापकाला ते कळतं का बघा. त्यांना हे विद्यापीठातलं वाटे. मी तसं वाटू देत असे. दर वर्षी दिवाळीला रघोबाभाऊचं कार्ड येई आणि त्यात एकच ओळ असे, "यंदा तरी बाईचं नाव सांगितलं का?" यंदा कार्ड येणार नाही, म्हणून हे लिहून ठेवतो आहे.

धडा काढायचाच तर तो कोरडाच आहे. जिथे आपण जाऊ शकत नाही तिथे यंत्र पाठवायचं, तर त्याला कोणकोणते बिघाड होतील याची यादी करावी लागते. ती यादी आपणच करतो, आणि आपल्याला सुचलेलेच बिघाड तीत येतात. यादी पुरी झाली असं वाटलं की टोपी डोक्यावर चढवून बाहेर पडावं, आणि ज्याचं दार यंत्राला सगळ्यांत जवळ आहे त्याला जाऊन विचारावं, अजून काही राहिलं का. बहुतेक राहिलेलं असतं.